बीएसए बी ३१ (१९५१) विकायची आहे: कशी, कुणाला, आणि आधी काय करावं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे. वाईचा आमचा वाडा येत्या उन्हाळ्यात उतरवायचा ठरलाय. ढेलजेत आजोबांची बीएसए मोटरसायकल उभी आहे. बी ३१, एक सिलिंडर, ३४८ सीसी, १९५१ची. आजोबा डॉक्टर होते. मेणवली, पसरणी, बावधन, सगळीकडे व्हिजिटला याच गाडीवरून जायचे. त्यांच्यामागे वडील दर दसऱ्याला तिची पूजा करून, चालू करून, घाटापर्यंत एक फेरी मारून परत आत लावायचे. वडील जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून किक मारलेली नाही.

रंग मूळ आहे. टाकीवर जिथे गुडघा घासायचा तिथे रंग उडालाय, क्रोमवर डाग आहेत, सीटची शिवण एका बाजूने उसवली आहे. पण स्मिथचं मीटर, लुकासचा दिवा, अमाल कार्बोरेटर, चामड्याच्या पिशवीतली हत्यारं, सगळं जागेवर आहे.

एका डीलरने फोटो बघून एक लाख दहा हजार सांगितले, वर म्हणाला, 'रंगवून, क्रोम करून द्या, मग दोन देतो.' दुसरा म्हणतो इंजिन आणि चेसिसचे नंबर वेगळे आहेत, म्हणजे गाडी जोडलेली आहे, ऐंशीच्या वर जाणार नाही. आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर आहे. मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, पार्किंग एकाच गाडीचं, त्यामुळे ठेवता येणार नाही. कुठून सुरुवात करू?

साइडव्हॉल्व्ह

सगळ्यात आधी: रंगवू नका. क्रोम करू नका. पॉलिशसुद्धा करू नका. ओल्या मऊ कापडाने धूळ काढा आणि तिथेच थांबा. रंगवलेल्या बीएसए मी खूप पाहिल्या. आजोबांच्या गुडघ्याने घासलेली टाकी तशीच राहिलेली फार थोड्या उरल्या आहेत. ज्याला चकचकीत हवी तो नंतर केव्हाही रंगवेल, पण तुम्ही रंगवलीत तर ज्याला जुनी हवी त्याला ती परत मिळणार नाही. आणि मनापासून पैसे मोजणारा गिऱ्हाईक बहुतेक हा दुसराच असतो.

आता नंबरांचं. दुसऱ्या डीलरचं म्हणणं धादांत चूक आहे. त्या काळातल्या बीएसएचे इंजिन आणि फ्रेमचे (म्हणजे चेसिसचे) नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे यायचे. दोन्हींवर एकच नंबर ठोकण्याची पद्धत त्यांच्याकडे साठच्या दशकात आली. बघायचं ते एवढंच की दोन्हींची सुरुवातीची अक्षरं त्या मॉडेलची आणि त्या वर्षाला धरून आहेत का. १९५१च्या बी ३१ला इंजिनचा नंबर झेडबी ३१ ने सुरू व्हायला हवा. तो इंजिनच्या डाव्या केसवर, सिलिंडरच्या पायथ्याशी सापडेल. घासून नका बघू, रॉकेलचा बोळा फिरवा. मग दोन्ही नंबर आरसी बुकातल्या नंबरांशी ताडून बघा. कागद आणि लोखंड जुळलं की तुमची बाजू पक्की.

माझ्याकडे बीएसएचीच एम २० आहे, युद्धातली, साइडव्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली). वीस वर्षं झाली तिला सांभाळतोय. तुमची बी ३१ तिच्यापेक्षा चालवायला कितीतरी गोड आहे.

पासिंग

आरटीओची कामं करतो म्हणून कागदांबद्दल लिहितो.

गाडी आजोबांच्या नावावर, म्हणजे आज ती तुम्ही विकूच शकत नाही. विक्रीनंतर नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करणार कोण? आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागेल. आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा, आणि बाकीच्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं लागतील. आजोबांना मुली असतील तर त्यांचाही हिस्सा आहे, हे विसरू नका. यातच बहुतेकांचं अडतं.

दुसरं, एवढं जुनं आरसी बुक कॉम्प्युटरवर नसतं. आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या बुकाची नोंद, करून घ्यावी लागते. मूळ बुक, चेसिसचा छाप, फोटो घेऊन स्वतः जा. थोडे हेलपाटे होतील, मनाची तयारी ठेवा.

तिसरं, व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी, दुचाकीसुद्धा, व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नंबर घेतला तर त्यात 'व्हीए' अक्षरं येतात, पण भारतात आधी नोंदवलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. म्हणून माझा सल्ला: नावावर करा, पण व्हिंटेज नोंदणीचा निर्णय घेणाऱ्यावर सोडा. एखाद्याला रविवारी महाबळेश्वरला न्यायची असेल तर तुम्ही त्याचे हात बांधून ठेवाल.

कृष्णाकाठ

साइडव्हॉल्व्हकाका, नंबर बघितले. दोन्ही झेडबी ३१ ने सुरू होतात आणि आरसी बुकाशी जुळतात. वाचून रात्री झोप लागली, खरंच.

पासिंग, तुम्ही म्हणता तिथेच अडलंय. आत्या आहे, साताऱ्याला. ती सही द्यायला तयार आहे, पण तिला हत्यारांची चामडी पिशवी आठवण म्हणून हवी आहे. देऊन टाकू का?

उद्यमनगरी

नको. ती पिशवी गाडीबरोबरच जाऊ दे. ते पाने व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्लिश, मापाचे असणार. मिलिमीटरचा पाना त्या नटांना बसत नाही, जबरदस्ती केली की नट गोल होतो. घेणारा माणूस ती पिशवी बघून खूश होईल. आत्यांना आजोबांच्या हातातलं दुसरं काही द्या. डॉक्टरांची बॅग, गॉगल, असं काही असेलच की.

मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. जुन्या इंग्लिश गाड्यांचे बुश, व्हॉल्व्ह गाइड आमच्याकडे येतात. तुम्ही उत्साहाने लगेच किक माराल म्हणून लिहितोय. थांबा.

तीन वर्षं उभी आहे म्हणजे ऑइल टाकीतून झिरपत झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीत, उतरलेलं असणार. या गाड्यांची टाकी वेगळी असते, आणि पंपातली गोळी झिजलेली असली की ते खाली जातंच. टाकी रिकामी दिसली म्हणून वरून आणखी ओतू नका. खालचा प्लग काढून आधी ते बाहेर काढा. पेट्रोलही सगळं काढून टाका. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि पाणी ओढून टाकी आतून गंजवतं. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, एक दिवस राहू द्या, मग डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) दाबून हळूहळू किक खाली न्या. फिरतंय असं दिसलं की पुढे.

ठिणगी मॅग्डायनोतून (मॅग्नेटो आणि डायनमो यांचा जोड) येते, त्यामुळे बॅटरी नसली तरी इंजिन चालू होईल. बॅटरी लावायचीच असेल तर ६ व्होल्टची, आणि अर्थ पॉझिटिव्हला आहे की निगेटिव्हला हे वायरिंग बघूनच ठरवा. थंड असताना एका किकमध्ये चालू झाली आणि गरम झाल्यावर बंद पडली तर मॅग्डायनोतलं आर्मेचर (तारांची फिरती गुंडाळी) किंवा कंडेन्सर गेलाय असं समजा. ते लपवू नका. घेणाऱ्याला सरळ सांगा.

मिडलँड्सकर

मी बर्मिंगहॅमजवळ राहते. स्मॉल हीथला जिथे बीएसएचा कारखाना होता तिथून फार लांब नाही. नवरा आणि सासरे दोघेही या वेडातले.

दोन गोष्टी सांगते. पहिली: इथल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे बीएसएच्या कारखान्याची रवानगीची दप्तरं आहेत. इंजिन आणि फ्रेमच्या नंबरांचे स्वच्छ फोटो पाठवून, फी भरून, तुमची गाडी कारखान्यातून कधी आणि कुठल्या विक्रेत्याकडे निघाली याचा उतारा मागवता येतो. त्यात मुंबई निघाली तर तो कागद तुमच्या आजोबांच्या पावतीइतकाच मोलाचा. दुसरी: इंग्लंडमध्ये विकायच्या भानगडीत पडू नका. बी ३१ इथे दुर्मिळ नाही. जहाजाचं भाडं, परवानग्या, इथला कर, यात हातात काही उरणार नाही. तिची खरी किंमत तिथेच आहे, जिथे लोक डॉक्टरांची गाडी म्हणून तिला ओळखतात.

आणि एक काळजी. बी ३१चे भाग घेऊन त्यावर गोल्ड स्टारची (बीएसएच्याच नावाजलेल्या मॉडेलची) नक्कल उभी करणारे इथे खूप आहेत. 'फक्त फ्रेम आणि गिअरबॉक्सचं किती?' असं कुणी विचारलं तर फोन ठेवून द्या.

नाना पेठ

२०२४ला बीएसएची नवी गोल्ड स्टार भारतात आली, तेव्हापासून नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आहे. चौकश्या भरपूर येतील, घेणारे कमी. जाहिरातीतल्या किमती बघून आकडा ठरवू नका, त्या मागितलेल्या किमती असतात. गेल्या वर्षभरात खरोखर हात बदललेल्या दोन-तीन गाड्यांचा आकडा जुन्या गाड्यांच्या मंडळींना विचारा. साइडव्हॉल्व्ह सांगतील तो धरा.

कुणी फौजी असल्याचं सांगून न बघताच 'घेतली' म्हणाला आणि 'हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणाला तर ती फसवणूक. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेऊ नका, आयकर कायद्याने ते चालत नाही. सगळे बँकेतून. चालवून बघायची असेल तर आधी ज्याने अशी गाडी चालवली आहे त्यालाच द्या. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. नवखा माणूस घाबरला की ब्रेक समजून गिअरवर पाय मारतो.

साइडव्हॉल्व्ह

आकडा इथे उघड लिहीत नाही, निरोप पाठवलाय. पण डीलरच्या दुपटीच्या खाली उतरू नका. आणि फोटो उन्हात काढा, खराबी जवळून दाखवा. उसवलेली शिवण पहिल्या फोटोत असू दे. ती बघूनही जो वाईला येतो, तोच घेतो.

कृष्णाकाठ

अडीच महिन्यांनी लिहितोय, क्षमा असावी. बॅकलॉग एंट्रीला पाच फेऱ्या झाल्या, पण गाडी माझ्या नावावर झाली. उद्यमनगरी, क्रँककेसमधून जवळजवळ दीड लिटर ऑइल निघालं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी वरून ओतलंच असतं. चौथ्या किकला चालू झाली. आत्या ओट्यावर उभी होती. आवाज ऐकून ती म्हणाली, 'दादा आले,' आणि आत निघून गेली. पिशवीबद्दल परत काही बोलली नाही. तिला आजोबांचा स्टेथोस्कोप दिला.

फोंड्याच्या एका गृहस्थांनी घेतली. दोनदा आले, दुसऱ्यांदा मुलीला घेऊन. दोन लाख पासष्ट हजार, सगळे बँकेतून. रंगवणार नाहीत, तसा शब्द दिलाय. गोव्यात जाणार म्हणून फॉर्म २८ची एनओसी (आरटीओची ना हरकत) टाकली आहे, ती येईपर्यंत गाडी वाईतच आहे.

एक अडचण मात्र निघाली. गरम झाल्यावर बंद पडते, तुम्ही म्हणालात अगदी तशी. त्यांना सांगितलं, ते म्हणाले मॅग्डायनो आपण करून घेऊ. आर्मेचर कुणाकडे गुंडाळून मिळेल?

उद्यमनगरी

माझ्याकडे पाठवा, इथे एकजण करतो. पण काढताना आधी पिकअप (ठिणगीची वीज बाहेर नेणारा भाग), अर्थचा ब्रश आणि बाजूचा सेफ्टी गॅपचा स्क्रू काढून घ्या. तो स्क्रू विसरून आर्मेचर ओढलं तर स्लिपरिंगचा (आर्मेचरवरच्या कड्याचा) तुकडा पडतो.