दहा वर्षांनंतर ऑडिट सोडावे लागणार: छोट्या फर्मने पुढे काय करावे?

नौपाडा_सीए (प्रश्न)
नमस्कार. ठाण्यात आमची तीन भागीदारांची फर्म आहे. रबाळे एमआयडीसीतील एका असूचीबद्ध (शेअर बाजारात नोंद नसलेल्या) पब्लिक कंपनीचे ऑडिट आमच्याकडे आहे. तिचे भरणा भांडवल 10 कोटींहून अधिक असल्याने कंपनी कायदा, 2013 च्या कलम 139 नुसार रोटेशन, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर ऑडिटर बदलण्याची सक्ती, लागू होते आणि यंदाच्या वार्षिक सभेत आमची पाच वर्षांची दुसरी मुदत संपते. फर्मच्या उत्पन्नाचा मोठा वाटा याच कामाचा आहे. आमच्या एका भागीदाराची वाशीत दुसरी फर्म आहे. तिची नेमणूक होऊ शकेल का? नसल्यास या कंपनीचे इतर कोणते काम आम्हाला घेता येईल?

वाशी_लेखापरीक्षक
नाही. मुदत संपलेल्या फर्मशी ज्या फर्मचा भागीदार समान आहे, तिची नेमणूक त्याच कलमाने रोखली आहे. एवढेच नव्हे, तर कंपनीच्या ताळेबंदावर सही करणारा प्रभारी भागीदार तुमच्याकडून निवृत्त होऊन दुसऱ्या फर्ममध्ये गेला, तरी ती फर्मही पाच वर्षे अपात्र ठरते. जानेवारी 2009 मध्ये सत्यम या आयटी कंपनीचा खोट्या हिशेबांचा घोटाळा उघड झाला, तेव्हा वर्षानुवर्षे एकाच फर्मने तपासलेल्या हिशेबांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. त्यामुळे ही पळवाट बंद केली हे मला मनापासून योग्य वाटते.

ऑडिटर असताना कलम 144 मुळे जमाखर्च लिहिणे, अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन सेवा तुम्हाला वर्ज्य होत्या. आता ऑडिट सुटल्यावर अंतर्गत लेखापरीक्षण घेता येईल. मात्र पाच वर्षांनी पुन्हा ऑडिटर व्हायचे असेल, तर त्याआधी ते काम सोडावे लागेल.

महापे_लेखाप्रमुख
मी कंपनीच्या बाजूने लिहीत आहे. आमच्याकडे ऑडिटर बदलले, तेव्हा नव्या फर्मने जुन्या साठ्याच्या मूल्यांकनावर असे प्रश्न विचारले, जे विचारणे आधी बंदच झाले होते, आणि त्याचा कंपनीला खरोखर लाभ झाला. तरीही एक खंत आहे: बदलाच्या वेळी संचालक मंडळे मोठ्या नावांकडे वळतात आणि चांगल्या स्थानिक फर्म मागे पडतात. त्यातच 1 एप्रिल 2023 पासून लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले असून ती वर्षभर चालू होती का, हे ऑडिटरने अहवालात सांगायचे असते. छोट्या फर्मला या तपासणीसाठी माणसे उभी करणे जड जाते.

घणसोली_आर्टिकल_ते_भागीदार
नौपाडा_सीए, आपण कार्यपत्रांकडे (ऑडिट करताना ठेवलेल्या लेखी नोंदींकडे) आत्ताच लक्ष द्या. 2018 मध्ये स्थापन झालेल्या एनएफआरएचा (ऑडिटरांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय नियामक संस्थेचा) अधिकार सूचीबद्ध आणि मोठ्या असूचीबद्ध कंपन्यांवर आहे, त्यामुळे तुमचा अशील बहुधा त्याबाहेर असेल. पण एनएफआरएच्या आदेशांत काम केल्याचा लेखी पुरावा नसणे हा दोष वारंवार नोंदवलेला दिसतो आणि पीअर रिव्ह्यूमध्येही (फर्मच्या कामाची दुसऱ्या सीएने केलेली तपासणी) तेच पाहिले जाते. अहवालाच्या तारखेपासून साधारण 60 दिवसांत फाइल पूर्ण करून ती किमान सात वर्षे जपायची असते. नवा ऑडिटर काम स्वीकारण्यापूर्वी तुम्हाला पत्र पाठवील. त्याला वेळेवर लेखी उत्तर द्या आणि एखादा आक्षेप कंपनीकडे अजून प्रलंबित असेल, तर तोही त्यात स्पष्टपणे नमूद करा.