डी अँड डी खेळताना नियमावरून झालेली भांडणं आणि त्यातून आलेलं हसू: आपापले किस्से लिहा

संथवाहिनी

काल संध्याकाळी भाचा आणि त्याचे तीन मित्र हॉलमध्ये फरशीवर डी अँड डीची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या गोष्टीतली पात्रं होऊन खेळायच्या खेळाची, नियमांची पुस्तकं पसरून बसले होते. मी आत पोळ्या लाटत होते. एकदम आरडाओरडा. "अरे, पुस्तकात 'क्रीचर' लिहिलंय! खुर्ची क्रीचर नसते!" त्यावर दुसरा शांतपणे, "ती खुर्ची आहे हे तुला कोणी सांगितलं?" लाटणं हातातच राहिलं. थेट २००४ चं हॉस्टेल आठवलं.

आम्ही साडेतीन आवृत्ती खेळायचो, २००३ ला आलेली. सहाजणींत एक पुस्तक, तेही झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंगचं. झेरॉक्सवाल्याने नेमकी ग्रॅपलची, म्हणजे पकडापकडीच्या नियमांची, पानं गाळलेली. ज्यांनी ती आवृत्ती खेळलीय त्यांना कळेल हे किती मोठं संकट आहे. एका रात्री आमच्या हाफलिंगने (बुटक्या जमातीतलं पात्र) ठरवलं की ओग्रचा, म्हणजे धिप्पाड राक्षसाचा, पाय धरून त्याला थांबवायचं. झालं! फिजिक्सवाली म्हणे वजन बघा, पोर उडून जाईल. ज्युडोवाली म्हणे वजनाचा काही संबंध नाही, पकड महत्त्वाची. पाऊण तास. शेवटी आमच्या डीएमने, म्हणजे गोष्ट सांगणारीने, निकाल दिला: दोघांनी वीसचा (वीस बाजूंचा) फासा टाकायचा, ज्याची बेरीज जास्त तो जिंकला, आणि ओग्रला आकाराचे आठ जास्त. हाफलिंगला अठरा पडले, ओग्रला दोन. अशा किंकाळ्या फुटल्या की रेक्टरबाई रात्री दीड वाजता दारात. "कोणी कोणाला धरलंय?" आमची हाफलिंग उठून उभी राहिली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "मी ओग्रला, मॅडम."

पुढे नोकरी लागल्यावर खरं पुस्तक घेतलं आणि आधी तीच पानं उघडली. हाफलिंग लहान आकाराचा म्हणून उणे चार, ओग्र मोठा म्हणून अधिक चार. फरक आठ! आमच्या डीएमने रात्री एक वाजता अंदाजाने सांगितलेला आकडा. मी लगेच तिला फोन केला, दोघी रडेपर्यंत हसलो.

मला मनापासून वाटतं, त्या रात्री कोणी "जाऊ दे गं, धरला पाय" म्हणालं असतं तर आज काही आठवलं नसतं. भांडलो म्हणून ते अठरा लक्षात राहिले. तुमच्या टेबलावर काय काय झालंय? लिहा.

फोडणी

सेट-अप वगैरे देत नाही, कुकर लावलाय. मृताशी बोलायचा मंत्र. पाच प्रश्न विचारता येतात, पाचच. सरदाराचा खून झालेला, आम्ही तीन सेशन त्या प्रेतापर्यंत पोचायला घालवलेली. आमच्या क्लेरिकने (पुजाऱ्याने) मंत्र टाकला, प्रेताने डोळे उघडले, आणि हा सवयीने म्हणतो, "नमस्कार काका, ओळखलंत का?"

डीएम: "नाही." आणि एक बोट मिटलं.

क्लेरिक: "अहो, हा धरणार का तुम्ही?"

डीएम (प्रेताच्या आवाजात): "माझा त्यावर अधिकार नाही." दुसरं बोट.

चिंचोका

फोडणी, मी ऑफिसच्या बसमध्ये मोठ्याने हसले, लोक बघतायत. पण निकाल चुकीचा आहे हां. दुसरा प्रश्न डीएमला होता, प्रेताला नाही!

फोडणी

तेच तर! त्यावर वीस मिनिटं गेली. पाचवरून चारवर तडजोड झाली. आणि त्याच प्रेतावर पुन्हा मंत्र टाकायला दहा दिवस थांबावं लागतं, त्यामुळे उरलेले चार आम्ही कागदावर लिहून, तिघांनी वाचून मग विचारले. शिट्टी झाली, पळते.

रानवारा

आमच्याकडे नियमापेक्षा भाषेचा घोळ. ताई फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, माझा रोग चौथ्या लेव्हलला गेला, आता बरंच काही करता येईल." आजीने माजघरातून ऐकलं. काही न विचारता हळद घालून दूध आणून दिलं आणि डोक्यावरून हात फिरवला. ताईने अर्धा तास समजावलं की रोग म्हणजे कुलपं उघडणारा, दबक्या पावलांनी चालणारा गडी. आजी म्हणाली, "मग चोर म्हणा की सरळ."

तेव्हापासून आमच्या टेबलावर तो वर्ग (पात्राचा प्रकार) 'चोर' आहे. आणि दर लेव्हलला हळदीचं दूध.

चिंचोका

आजींना साष्टांग नमस्कार. अगदी पहिल्या काळात त्या वर्गाचं नाव खरंच चोर असंच होतं, थीफ. आजी बरोबर आहेत.

जुनाजाणता

मी १९८४ ला अमेरिकेत एमएस करत होतो तेव्हाची गोष्ट. आजचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, सोपा आहे, वीस फूट त्रिज्येचा गोल काढा आणि मोकळे व्हा. आमच्या वेळच्या अॅडव्हान्स्डमध्ये म्हणजे जुन्या आवृत्तीत तो बंद जागेत पसरायचा. साधारण ३३ हजार घनफूट आग, मावेल तिथे जाणार. आता भुयार दहा फूट रुंद, दहा फूट उंच, टोकाला भिंत. टोकाशी ट्रोल राक्षस, आम्ही दीडशे फुटांवर. आमच्या विझार्डने (जादूगाराने) त्याच्यावर फायरबॉल सोडला.

टेबलावर चार इंजिनियर. आधी सगळे खूश. मग सिव्हिलवाल्याने कॅल्क्युलेटर काढला. ३३ हजार भागिले शंभर. तीनशे तीस फूट. पुढे भिंत, म्हणजे सगळी आग मागे. कोणी काही बोलेना. मग एकजण हळूच म्हणाला, "आपण कुठे उभे आहोत?"

विझार्डचा मुद्दा होता की ट्रोलने दार उघडं टाकलं होतं, आग तिकडे जाईल. डीएमने नकाशा फिरवून दाखवला. दार आमच्या मागे होतं. आजही आम्ही चौघे भेटलो की कोणीतरी विचारतोच, आपण कुठे उभे आहोत. त्या खेळाने मला परक्या गावात तीन सख्खे मित्र दिले.

पाचवीपुजली

वीसच्या फाशावर वीस पडले तर काहीही होऊ शकतं, हे मान्य असणाऱ्यांनी हात वर करा. आमच्या बार्डने (गाणाऱ्या भाटाने) राजाकडे राज्य मागितलं, वीस पडले, डीएमने दिलं नाही. मी अजून रागात आहे.

कलमबहाद्दर

डीएम बरोबर. २०१४ च्या पुस्तकात वीसला आपोआप यश फक्त हल्ल्याला. बोलून पटवायला नाही.

पाचवीपुजली

मग फासा टाकू कशाला दिला?

कलमबहाद्दर

हा मात्र बिनतोड मुद्दा आहे. मी असतो तर राजा इतका हसला असता की बार्डला दरबारात नोकरी लागली असती. वीसचं काहीतरी चीज व्हायला हवं.

पाचवीपुजली

ही नोकरी घ्यायला आमचा बार्ड तयार आहे. पुढच्या रविवारी डीएमला हे दाखवते.

गवतीचहा

मी खेळत नाही, नवरा खेळतो. एक प्रश्न, याला सापशिडीसारखा बोर्ड असतो का? आणि चार तास कोणी जिंकत कसं नाही?

रानवारा

बोर्ड असला तर असला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, अडलं की फासा. जिंकणं-हरणं नाही. एकदा बसाच. साबुदाण्याची खिचडी मात्र नेऊ नका, फासे चिकट होतात.

गवतीचहा

अगं, खिचडी चिकट होते कारण साबुदाणा जास्त भिजतो. बुडेल इतकंच पाणी घाल आणि दाण्याचं कूट आधीच चोळून ठेव.

रानवारा

हे लिहून घेतलं. धन्यवाद!

कलमबहाद्दर

शेतकऱ्यांच्या तोफेवर कोणी बोललं नाही अजून? हजारो गावकरी रांगेत उभे, प्रत्येकाने भाला पुढच्याच्या हातात द्यायचा, सगळं सहा सेकंदांच्या एका फेरीत. म्हणजे भाल्याचा वेग बंदुकीच्या गोळीला लाजवेल. आमच्या टेबलावर एकाने वहीत पूर्ण गणित मांडून आणलं होतं, आकृतीसकट. डीएमने आदराने सगळं ऐकलं, मग म्हणाली, "वेगाने होणाऱ्या इजेचा नियम दाखव." तो नव्हता. भाला शेवटच्या गावकऱ्याने साध्यासारखाच फेकला. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकात तर आता स्पष्टच लिहिलंय की खेळाचे नियम म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे. त्या मुलाने ते पान आम्हा सगळ्यांना फोटो काढून पाठवलं, "माझ्यामुळे" असं लिहून.

जुनाजाणता

वही जपून ठेवायला सांगा त्याला.

चिंचोका

आमच्याकडे एका निळ्या फाशाला 'शकुनी' म्हणतात. सारखे वीस. शेवटी एकाने ग्लासात पाणी घेऊन मूठभर मीठ विरघळवलं, फासा तरंगेपर्यंत. टिचकी मारून फिरवायचा. दर वेळी तोच आकडा वर आला तर एक बाजू जड. दहा वेळा फिरवला. दहा वेळा वेगळा. शकुनी निर्दोष सुटला, त्याला आम्ही पेढा भरवला.

फोडणी

संथवाहिनी, मूळ मुद्दा राहिला. त्या खुर्चीचं काय झालं?

संथवाहिनी

सगळे किस्से भाच्याला वाचून दाखवतेय, फायरबॉलला तर तो लोळला. खुर्ची मिमिकच होती, म्हणजे वस्तूचं सोंग घेणारा राक्षस. पण तिच्यावर बसला होता तो म्हणतो, मी पाच मिनिटं बसलोय, तिने चावलं नाही, म्हणजे तिला मी आवडलोय. आता ते चौघे पुस्तकात शोधतायत, मिमिक पाळता येतो का. पोळ्या टेबलावर तशाच आहेत.