पूर आला की माणूस आणि जनावर एकत्र हलवा, आणि हे कायद्यातच लिहा

नदीकाठची लेक
2019 च्या पुरात माझ्या मावशीनं बोटीत टाकलेला पाय परत काढून घेतला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं गाव, दारात छातीभर पाणी. बोटीवरचा पोरगा म्हणाला, "मावशी, फक्त माणसं." तिच्या काखेत करडू होतं, जिन्यात कुत्री, स्लॅबवर कशीबशी चढवलेल्या दोन शेळ्या. म्हशीचं दावं तिनं आदल्या रात्रीच विळ्यानं कापलं होतं, जिकडं जाईल तिकडं जगू दे म्हणून. ती म्हैस परत आली नाही. मावशी दोन रात्री ताडपत्रीखाली स्लॅबवर बसून राहिली आणि तिला आणायला बोट पुन्हा त्याच पाण्यात घालावी लागली.

लोक म्हणाले, बाई हट्टी. मावशी विधवा आहे. दहा दिवसाला दुधाचं बिल येतं, त्यावर तिचं घर चालतं. आणि कुत्री अकरा वर्षं तिच्या उंबऱ्यावर झोपलेली. तिला मागं ठेवून बोटीत बसायला जीव धजत नाही, यात हट्ट कुठला?

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा काढून वाचा. कलम 12 मध्ये मदत छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता हवी असं आहे, विधवा आणि अनाथांसाठी वेगळी सोय आहे. जनावराचं नाव नाही. सरकारी मदतीच्या 2022 च्या निकषांत मात्र मेलेल्या दुभत्या म्हशीला 37,500 रुपये आणि शेळीला 4,000 रुपये ठरले होते. मेल्यावर पंचनामा करता, तर जिवंत असताना जागा द्या. कुत्र्या-मांजरांना तर दोन्हीकडं काहीच नाही.

माझी मागणी: जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात जनावरं हलवण्याची सोय सक्तीची करा आणि छावणीच्या दारातून कुणाला जनावरापायी परत पाठवू नका.

बोटीवरचा
ताई, मावशींबद्दल वाईट वाटलं. पण त्या आठवड्यात मी बोटीवर होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. त्या बातमीनंतर मी कुणाच्या काखेतलं करडूसुद्धा घेतलं नाही आणि आजही घेणार नाही. घाबरलेलं जनावर बोटीत एका जागी उभं राहत नाही. एक उडी मारली की सगळे पाण्यात. रबरी बोटीला खूर लागला तर विषयच संपला. उद्या कायदा झाला आणि एखादा म्हणाला, "माझा हक्क आहे, कुत्रा घ्या", तर बोटीवर भांडत बसू का? शेजारच्या छतावर बाळंतीण बसलेली असते, भाऊ.

ट्रॉलीवाला
दोघंही बोटीवरच भांडताय. बोट लागली म्हणजे उशीर झालेला असतो. कोल्हापुरात पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. त्या चार फुटांत आमच्या भागात ट्रॅक्टर चालतो. 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकडं जे हाल झाले ते बघून 2021 ला तिथली कितीतरी घरं पाणी चढायच्या आधीच जनावरं घेऊन बाहेर पडली. कायद्यात लिहायचंच असेल तर हे लिहा: इशारा पातळीला ट्रॉल्या गावात उभ्या पाहिजेत, डिझेल सरकारचं. ट्रॉली असलेला माणूस आपली चार जनावरं काढतो. ज्याच्याकडं एकच म्हैस आणि ट्रॉली नाही, तो अडकतो.

तिसरा मजला
माझं मत विरोधात. शाळेच्या एका वर्गात चार-चार कुटुंबं राहिलेली मी पाहिली आहेत. लहान मुलं जमिनीवर झोपलेली, संडासला रांग. तिथं कुत्री आणायची? चावलं तर रेबीजची लस त्या चिखलातून कुठं शोधायची? ज्याला दमा आहे त्यानं काय करायचं? मला प्राणी नकोत असं नाही, माझ्या घरी मांजर आहे. पण छावणीत पहिला हक्क माणसाचा, आणि सक्ती केली की तलाठी कागदावर "सोय केली" लिहून मोकळा होईल. दुष्काळात चारा छावण्यांमध्ये जनावरांचे आकडे फुगवल्याच्या तक्रारी विसरलात का?

गोठ्यातला डॉक्टर
चारा छावणीचा विषय काढलात ते बरं झालं. दुष्काळात हेच राज्य हजारो जनावरं एका जागी सांभाळतं, वैरण देतं, पाणी देतं. मग पुराच्या वेळी "आम्हाला जमत नाही" हे मला पटत नाही. आकड्यांचं म्हणाल तर आता कानातल्या बिल्ल्यावर बारा अंकी नंबर असतो. नोंद त्यावर करा.

माणसांच्या वर्गात कुत्री ठेवा असं कुणीच म्हणू नये. जनावरांची जागा वेगळी, पण मालकाला चालत जाता येईल इतकी जवळ. धार काढायला आणि वैरण टाकायला मालक स्वतः येतो, तेवढाच आमचा ताण कमी. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्प-फऱ्या या रोगांची लस होतेच, त्याच फेरीत गावातल्या कुत्र्यांना रेबीजची द्या. म्हणजे तुमची भीतीही निम्मी होईल.

ह्यूस्टनहून
2005 च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या बऱ्याच लोकांनी पाळीव प्राणी नेता येत नाहीत म्हणून घर सोडलं नाही. त्यातून 2006 मध्ये अमेरिकेत कायदा झाला: आपत्तीच्या आराखड्यात घरच्या पाळीव प्राण्यांचा आणि मदतनीस कुत्र्यांचा विचार करणं राज्यांना भाग पडलं, कारण केंद्राचा पैसा त्याला जोडला. पैसा जोडला हीच त्यातली किल्ली. पण तो जसाच्या तसा उचलू नका. इथल्या पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत गाई-म्हशी येत नाहीत. ती व्याख्या तिकडं नेलीत तर शिरोळची म्हैस पुन्हा बाहेरच.

नदीकाठची लेक
बोटीवरचे दादा, तुमचं मान्य. बोटीत जनावर घ्या हा आग्रह मी सोडते. मावशीला रागानं बोललेला तो पोरगाही ब्रह्मनाळच्याच भीतीत असणार, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. पण छावणीच्या दारातला मुद्दा सोडत नाही. 1960 चा प्राणी क्रूरतेचा कायदा सांगतो की योग्य कारणाशिवाय जनावर उपाशी-तहानेलं राहील असं सोडून देणं गुन्हा आहे. मालकानं सोडायचं नाही आणि छावणीनं घ्यायचं नाही, मग माणसानं उभं राहायचं कुठं? मावशीनं उत्तर दिलं, स्लॅबवर.

तिसरा मजला
वेगळी जागा असेल तर माझा विरोध नाही. एकाच छताखाली म्हणाल तर आहे.

बोटीवरचा
आमच्या गावच्या आराखड्याच्या कागदात बोटींची संख्या आहे, जॅकेटची आहे, दोरखंड किती फूट तेही आहे. ट्रॉलीचा रकाना नाही. येत्या ग्रामसभेत मी तो मांडतो, ट्रॉलीवाले दादा, तुमच्याकडची यादी पाठवा. बोटीत म्हैस मात्र नाही म्हणजे नाही.