नाटकाचा ट्रॅक लॅपटॉपवरून: बफर ६४ की १०२४?

तिसरी_घंटा: प्रयोगाला पार्श्वसंगीत आणि इफेक्ट लॅपटॉपवरून वाजवताना ऑडिओ इंटरफेसचं (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे नेणारी बाहेरची पेटी) बफर ६४ सॅम्पलचं ठेवायची टूम निघाली आहे. बफर म्हणजे वाजण्याआधी भरून ठेवलेला आवाजाचा साठा; तो जितका मोठा तितका आवाज उशिरा. माझ्या मते हा शुद्ध खुळेपणा. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं (सॅम्पल) असताना, ६४ सॅम्पल म्हणजे १.३ मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोसेसरने पुढचा तुकडा पुरवला नाही की आलीच टकटक. १०२४ ठेवा, २१ मिलिसेकंदांची सवड मिळते. रेकॉर्डिंगमध्ये गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनात लगेच ऐकू यावा लागतो, म्हणून तिथे बफर लहान. इथे लॅपटॉपमधून कोण गातंय?

कानसेन: असहमत. पार्श्वसंगीताला १०२४ चालेल, पण थोबाडीत मारल्याचा इफेक्ट मागे पडला की प्रेक्षक हसतात.

तिसरी_घंटा: आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. स्पीकरपासून १० मीटरवर बसलेल्याला सगळंच २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, तो कुठे हसतो? उशीर बऱ्याचदा फाइलमध्येच असतो. एमपीथ्रीच्या सुरुवातीला हजारेक सॅम्पलची शांतता चिकटते, म्हणजे २०-२५ मिलिसेकंद, आणि सगळे प्लेअर ती कापत नाहीत. इफेक्ट वेव्ह (.wav) फाइलमध्ये घ्या, लाट उठते तिथपर्यंतचा कोरा भाग छाटा.

कानसेन: वेव्हचं मान्य. बाकी उशीर आहेच, म्हणून त्यात आपली भर कशाला? २५६ ठेवलं तर ५.३ मिलिसेकंद, आणि नुसता ट्रॅक वाजवायला बरा लॅपटॉप तेवढं पेलतो. तरी टकटक होत असेल तर बफर वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं. लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर आवाजाला अडवतो ते दाखवणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) वीसेक मिनिटं चालवा. पुष्कळदा वायफायचा ड्रायव्हर सापडतो. वायफाय-ब्लूटूथ बंद, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) डिसेबल, इंटरफेस हबला न लावता थेट पोर्टात.

तिसरी_घंटा: ते सगळं करायचंच. करून वर १०२४. दुसऱ्या अंकात अँटीव्हायरस जागा झाला तर तुमचे ५ मिलिसेकंद पुरणार नाहीत.

घुमारा: बफरवरून भांडताय, पण प्रयोगात फजिती होते ती भलत्याच कारणांनी. विंडोजचं डिफॉल्ट आउटपुट इंटरफेसवर राहिलं की शोकप्रसंगात मेलची टुणटुण थेट सभागृहात! डिफॉल्ट लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवा आणि फक्त प्लेअरमध्ये इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट इंटरफेसला आवाज देणारा) निवडा. फाइली सगळ्या एकाच सॅम्पल रेटच्या (सेकंदाला तेवढीच सॅम्पल) हव्यात. ४४,१०० ची फाइल रूपांतर न होता ४८,००० ने वाजली तर पांढरी एकचं गाणं काळी एकच्याही वर सरकतं, लयही चढते.

विंगेतला: मग इंटरफेस हवाच कशाला? हेडफोन जॅक, ट्रान्सफॉर्मरवाला स्टीरिओ डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळता करून देणारी छोटी पेटी), तिथून एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनच्या केबलने) मिक्सरला. चार्जर लावल्यावर येणारी घूं पण जाते. बिघडणारी एक वस्तू कमी.

घुमारा: घूं जाईल, खरंय. चार्जरची अर्थिंगची पिन काढायचा जीवघेणा जुगाड करण्यापेक्षा डीआय केव्हाही बरा. पण तो ३.५ मिलिमीटरचा जॅक जरा हलला की एक बाजू गुल. शिवाय चार आउटपुटचा इंटरफेस असेल तर संगीत १-२ वर, इफेक्ट ३-४ वर, टीआरएस केबलने (पाव इंची जाड पिनच्या) मिक्सरच्या वेगवेगळ्या फेडरवर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर) जातात. संवाद दबला तर संगीत तेवढं खाली घेता येतं, पावसाचा आवाज जागच्या जागी. हेडफोन जॅकच्या एका जोडीतून हे कसं करणार?

विंगेतला: एका जोडीतही होतं. ट्रॅक मोनो करा, संगीत डावीकडे, इफेक्ट उजवीकडे. पावसाला स्टीरिओ हवाच कशाला?