सीझर कुत्र्याची दगडी प्रतिमा: कलाकृती की राजघराण्याची हौस?

शिलालेख (धागाकर्ते)
ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात फाबर्जे या रशियन जवाहिराच्या पेढीने कठीण दगडांतून घडवलेले शेकडो चिमुकले प्राणी आहेत. त्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तळहातावर मावणारा सीझर, म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा लाडका फॉक्स टेरियर. अंग पांढऱ्या कॅल्सेडोनीचे (हा गारगोटीच्या जातीचा दगड), डोळे माणकांचे, गळ्यात सोन्याची घंटा आणि मीनाकारीच्या पट्ट्यावर 'मी राजाचा आहे' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. १९०७ साली राजाने सँडरिंगहॅम या आपल्या ग्रामीण निवासस्थानातील प्राण्यांच्या प्रतिमा करवून घ्यायचे ठरवले, पेढीच्या शिल्पकारांनी तिथे जाऊन मेणाचे नमुने तयार केले आणि त्यांवरून रशियात दगडी प्राणी घडवले गेले. सीझरची प्रतिमा लंडनला पोहोचून विकली जाण्याआधीच, ६ मे १९१० रोजी राजाचे निधन झाले. अंत्ययात्रेत खरा सीझर शवपेटीमागे आणि देशोदेशीच्या राजांच्या पुढे चालला. त्याच वर्षी नोव्हेंबरात श्रीमती रोनाल्ड ग्रेव्हिल यांनी दगडी सीझर ३५ पौंडांना घेऊन राजाच्या विधवा पत्नी राणी अलेक्झांड्रा यांना भेट दिला. माझे म्हणणे असे की हिऱ्यांच्या हारापेक्षा ही भेट थोर आहे, कारण ती नेमक्या त्याच स्त्रीसाठी आणि त्याच दुःखासाठी निवडलेली होती. संग्रहालयांनी अशा वस्तूंची ओळख करून देताना आधी हा प्रसंग सांगावा, दगडाचे नाव मागाहून आले तरी चालेल.

साशंक
प्रसंग हृद्य आहे, पण त्यावरून कलाकृतीची थोरवी कशी ठरते, हे मला कळले नाही. धागाकर्त्यांनी ३५ पौंड हा आकडा जणू किरकोळ रक्कम असल्यासारखा सहज लिहिला आहे. त्या काळी इंग्लंडमधल्या बहुतेक मोलकरणींना वर्षभर राबूनही एवढा पगार मिळत नसे. राणीला काय द्यावे, हा धनिकांपुढचा पेच होता आणि लंडनच्या डोव्हर स्ट्रीटवरच्या फाबर्जेच्या दुकानाने तो नेमका हेरला. राणीला प्राणी आवडतात हे सर्वांना ठाऊक, त्यामुळे कोणीही जावे आणि एखादा हत्ती किंवा बदक उचलावे. शेकडो प्राणी जमले ते असे. त्यातल्या एकामागे दुःखाची गोष्ट आहे म्हणून बाकीच्या खरेदीलाही मायेचा मुलामा द्यायचा का?

भूगर्भ
दोघांच्याही लेखनात दगड हरवला आहे. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत मिळणारा कॅल्सेडोनी ज्यांनी हाताळला आहे, त्यांना हा पदार्थ किती हट्टी असतो ते माहीत असेल. मोहच्या मापावर त्याची कठीणता साडेसहा ते सात, म्हणजे साध्या पोलादाहून अधिक. इथे छिन्नी चालत नाही. अपघर्षक भुकटी लावलेल्या फिरत्या चकत्यांवर दगड कणाकणाने झिजवावा लागतो, आणि कानाचे टोक उडाले तर ते परत जोडता येत नाही. त्यात फाबर्जेच्या उत्तम प्राण्यांमध्ये दगडाचा रंग आणि पट्टे प्राण्याच्या कातडीला साजेसे निवडलेले असतात. ही नजर जपानी नेत्सुकेंच्या सहवासात घडली असावी, कारण स्वतः कार्ल फाबर्जेकडे त्या छोट्या कोरीव वस्तूंचा मोठा संग्रह होता. राजाची गोष्ट बाजूला ठेवली तरी हे कौशल्य उरतेच.

साशंक
कौशल्य मान्य. मग ते कोणाचे? क्रेमल्योव्ह आणि डर्बिशेव्ह अशी दगडकाम करणाऱ्यांची एखाददुसरी नावे अभ्यासकांना माहीत आहेत, पण दर्शकाच्या तोंडी फक्त पेढीचे नाव येते. संग्रहालयाने आधी काही सांगायचेच असेल, तर घडवणाऱ्यांबद्दल सांगावे. कुत्र्याचा मालक राजा होता, हे पट्ट्यावर लिहिलेलेच आहे.

वाटसरू
साशंक यांचा श्रेयाचा मुद्दा रास्त आहे, पण भेटीची हकीकत निव्वळ भावनेची बाब आहे, हे मात्र पटत नाही. पेढीचे आणि कारागिराचे ठसे धातूवर उमटवता येत. ज्या प्राण्यांना सोन्याचे पाय किंवा पट्टा नाही, त्या निखळ दगडी प्राण्यांवर बहुधा कसलीच खूण नसते. त्यामुळे बनावट मालाचा सुळसुळाट आहे आणि नुसता प्राणी पाहून निर्णय देणे जाणकारांनाही जड जाते. अशा वेळी तो कोणी, कधी, केवढ्याला घेतला आणि कोणाला दिला, याची नोंद हाच पुरावा ठरतो. सँडरिंगहॅमचे प्राणी एका घराण्यात सलग राहिले, म्हणून इतर संशयित वस्तू त्यांच्याशी ताडून पाहता येतात. लंडनच्या दुकानाच्या विक्रीवहीत नोंद झाली नसती, तर आज हे ३५ पौंडही आपल्याला कळले नसते.

साशंक
म्हणजे माझेच म्हणणे आपण सिद्ध केलेत. कागद काढून घेतला की अस्सल-नक्कल ओळखणे जाणकारांनाही कठीण होत असेल, तर आपण वाखाणतो आहोत ते दगडातले कसब की वहीतली नोंद?

शिलालेख
सर्व प्राण्यांसाठी मायेचा दावा मी केलेला नाही, आणि दुकानातून उचललेल्या बदकांची तरफदारीही करत नाही. पण सीझर ही प्रतिमा दुकानदाराच्या कल्पनेतून आलेली नव्हती. जिवंत कुत्र्यावरून तिचा नमुना झाला होता, आणि ज्या बाईंच्या हाती ती पडली त्या खऱ्या कुत्र्याला रोज पाहत होत्या. प्रतिमा हुबेहूब आहे की नाही, हे ठरवायला राणी अलेक्झांड्रांना कोणत्याही वहीची गरज नव्हती.