मदत हवी आहे: वीपिंग क्रॅबअ‍ॅपलच्या फांद्या वाकतच नाहीत

गौरी_अंगण: फोटोत या शोभेच्या रानसफरचंदाच्या फांद्या छत्रीसारख्या लोंबतात, पांढऱ्या फुलांनी भरतात. माझ्याकडं मात्र दोन फांद्या काठीसारख्या सरळ वर चालल्यात. फूल एकही नाही. खत घातलंय, पाणी रोज. काय करू? लवकर सांगा.

नाना_खानापूर: गाव कुठलं? कुंडीत की जमिनीत? कलमाचं की बियांचं? खत कुठलं?

गौरी_अंगण: टिळकवाडी, बेळगाव. जमिनीत, लाल माती. ‘रेड जेड’ जात म्हणून दिलंय. युरिया घातला. कलमाचं का, ते कसं ओळखायचं?

निपाणीकर: युरिया आधी बंद करा ताई, नुसता पाला माजतो. सफरचंदच हवं तर हिमाचलच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ ही जात लावा, गरम भागातही फळ धरते. अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डनही चालतात.

गौरी_अंगण: मला खायचं फळ नकोय हो. लोंबणारं झाड हवंय.

नाना_खानापूर: लोंबती जात सरळ खुंटावर, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या खोडावर, उंचावर कलम करून बांधतात. खोडावर कलमाची गाठ शोधा, तिथं साल बदललेली दिसते. सरळ फांद्या गाठीच्या वर आहेत की खाली?

गौरी_अंगण: खाली! वर दोन बारीक फांद्या आहेत, त्या वाकल्यात की!

नाना_खानापूर: मग सरळ जातंय ते खुंटाचं. ते फुटवे सगळा जोर ओढतात. कोरडा दिवस बघून खोडालगत कापा, कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. रोज पाणी नको, मुळाशी साचलं तर मुळं कुजतात.

निपाणीकर: आणि फुलं? या झाडाला सात अंशांच्या आसपास किंवा त्याखालची शेकडो तास थंडी लागते.

शहापूरची_सुमन: बेळगावात थंडी नाही म्हणता? डिसेंबरात या, पहाटे शेकोटी लागते.

निपाणीकर: शेकोटी लागते, पण पारा सातपर्यंत सहसा उतरत नाही. लोंबता बॉटलब्रश लावा, लाल तुऱ्यांनी भरतो, आपल्या हवेत जगतो.

नाना_खानापूर: उपटायला का लावताय? फुटवे काढा, एक हिवाळा बघा. फुलांची खात्री मी देत नाही, पण पानांचा झुबकाही देखणा दिसतो. जिथं फूल हवंच तिथं ताम्हण.

चिकोडी_मळा: आमच्या हापूसला मोहोर येतो आणि गळतो, काय फवारू?

नाना_खानापूर: वेगळा धागा काढा.

गौरी_अंगण: नाना, उद्या ऊन पडलं तर कापते. बोर्डोपेस्ट तयार मिळते का घरी करायची?

नाना_खानापूर: कृषी सेवा केंद्रात मोरचूद घ्या, कळीचा चुना घ्या. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत कालवा, मग एकत्र करा. लोखंडाचं भांडं वापरू नका.