पासवर्डची ती सीएसव्ही फाइल उडवलीत का?

क्रोममधले पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये (पासवर्ड सांभाळणारं ॲप) हलवायचे तर ते क्रोममधून सीएसव्ही फाइलमध्ये एक्सपोर्ट करून तिकडे इम्पोर्ट करायचे, ही पद्धत बरोबरच आहे, पण एक्सपोर्ट केल्यावर जी सीएसव्ही फाइल बनते ना, ती अगदी उघडी असते, नोटपॅडमध्ये उघडली की साइट, युजरनेम, पासवर्ड सगळं ओळीने समोर. माझी दोन महिने डाउनलोड्समध्ये तशीच पडून होती आणि ते फोल्डर क्लाउडला सिंक होत होतं, म्हणजे तिकडेही कॉपी! तेव्हा इम्पोर्ट झालं की चारपाच लॉगिन करून बघा आणि मग फाइल रिसायकल बिनमधूनही काढा, ब्राउझरमधले जुने पासवर्डही. बाकी मास्टर पासवर्ड, म्हणजे बिटवॉर्डन उघडायचा मुख्य पासवर्ड, विसरलात तर कंपनीपण काढून देऊ शकत नाही, त्यांच्याकडे तो नसतोच, म्हणून तो आणि टू-स्टेप लॉगिनचा रिकव्हरी कोड (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी अडली तर लागणारा) कागदावर लिहून कपाटात ठेवा. मी तो कोड व्हॉल्टमध्येच, म्हणजे बिटवॉर्डनच्या आतच ठेवला होता, हुशारी बघा 😄